पपईचा देठ

किल्ली दगडांमधल्या दरजेत शिरली ती थेट मुठीपर्यंत.

"महिना झाला, मिस्त्री," श्रीनाथ म्हणाला. लातूरहून आलेला हा इंजिनिअर तसा भला माणूस, पण किल्ली काही खोटं बोलत नव्हती. "चुना अजून लोण्यासारखा आहे. सोमवारपासून सिमेंट भरू. माझा नाइलाज आहे."

दगडोबा मिस्त्री बारवेच्या पायरीवर मटकन बसले. औशाजवळच्या या गावात चाळीस वर्षं त्यांनी सिमेंटचीच कामं केली होती. पण बारवेची डावी भिंत त्यांच्या वडिलांनी चुन्यात बांधलेली. उजवीही चुन्यातच करीन, असं म्हणून त्यांनी हे काम हट्टानं मागून घेतलं होतं. वय सत्तर. असं काम पुन्हा कोण देणार?

सून तनुजा जेवणाचा डबा घेऊन आली होती. ती शाळेत विज्ञान शिकवते. भिंतीवरून बाजूला केलेलं प्लॅस्टिक तिनं उचलून पाहिलं.

"मामा, हे कवापासून हाय भिंतीवर?"

"पहिल्या दिसापासून. अवकाळीचा काय भरवसा? कडंनं चिखल लिंपून पॅक केलतं. लेकराला वारं लागू दिलं न्हाई." सांगताना अजूनही त्यांचा ऊर भरून येत होता. "आबा वल्लं गोणपाट टाकायचे. मी नवं प्लॅस्टिक आणलं. एका जागी शेळीनं फाडलं तेवढं. लई शिव्या घातल्या तिला."

तनुजानं कपाळावर हात मारला. चुन्याच्या टाकीत वर आलेलं निवळ पाणी तिनं पेल्यात घेतलं. काठावरच्या पपईचं पान तोडलं, पोकळ देठ धुऊन सासऱ्यांच्या हातात दिला.

"फुंका यात. वढू नका, तोंड भाजंल."

ही काय पोरखेळाची वेळ, असं दगडोबांना वाटलं. पण सूनबाईपुढं कोण बोलणार? त्यांनी फुंकलं. बुडबुडे आले. मग तळ दिसणारं ते पाणी त्यांच्या डोळ्यांदेखत धुरकटलं आणि ताकासारखं पांढरं झालं. दगडोबांनी घाबरून देठ काढला.

"माझ्या छातीत चुना झालाय का काय? पन्नास वर्सं तंबाखू खाल्लीय."

श्रीनाथला हसू आलं. तनुजा हसली नाही.

"पांढरं दिसतंय ती दगडाची पूड हाय, मामा. भट्टीत दगड भाजला की त्यातली हवा उडून जाते, तवा त्याचा चुना होतो. तीच हवा आपल्या श्वासात असते, वाऱ्यात असते. ती परत भेटली की चुन्याचा पुन्हा दगड होतो."

दगडोबा पेल्याकडं बघतच राहिले.

"आन् म्या महिनाभर त्याचं तोंड दाबून ठिवलं," ते म्हणाले.

श्रीनाथ शेळीनं प्लॅस्टिक फाडलं होतं त्या जागी गेला. वीतभर दरज तेवढी उघडी राहिलेली. त्यानं किल्ली दाबली. ती घसरली. पुन्हा जोर लावला. नुसता एक पांढरा ओरखडा उठला.

"त्या शेळीला माझ्यापेक्षा जास्त कळतं," तो म्हणाला आणि किल्ली खिशात टाकली. "गोणपाट टाका, ओलं ठेवा. सिमेंटचं राहू द्या. पुढच्या महिन्यात बघायला येतो."

दगडोबांचं लक्षच नव्हतं. ते डाव्या भिंतीशी उभे होते, वडिलांनी भरलेल्या दरजेवर तळहात ठेवून. नखानं खरवडून पाहिलं. नखच झिजलं.

"आबा सात म्हैने हितं राबले," ते म्हणाले. "हितंच जेवायचे, हितंच निजायचे. भिंतीकडं तोंड करून." मग त्यांनी विचारलं, "पोरी, म्हंजे यात त्यांचा श्वासबी आसंल?"

"आसंल की, मामा."

दगडोबा पायऱ्या चढून वर गेले. काठावर चपला काढून ठेवल्या आणि अनवाणी पुन्हा खाली आले.