पिवळाच आहे गो

हिमाचलात आठवडाभर बर्फाचं वादळ थांबायचं नाव घेत नव्हतं. कुठल्या उतारावरचा बर्फ कोसळेल ते खणून तपासायचं, हेच नानांच्या लेकीचं, अक्षताचं तिथलं काम. तिच्या पथकाचा इशारा नाना इकडे दिंडोशीत रोज सकाळी मोबाइलवर बघायचे. धोक्याचा तांबडा रंग दिसला तरी बायकोला म्हणायचे, "पिवळाच आहे गो. मजेत असेल पोरगी."

सोनूबाई नुसतं "बरं" म्हणून भाकरी थापायला लागायच्या.

वादळ निवळलं, चार दिवसांत बर्फही घट्ट बसला. नाना स्वयंपाकघरात जवळजवळ धावतच आले. "अगो, हिरवा झाला!"

सोनूबाईंनी देवापुढचा नारळ आणून त्यांच्या हातात दिला.

"फोडा आता. तांबडा झाला, त्याच दिवशी ठेवलाय."