कोटावरची हळद

"आई, आता हा कोट कुणाला द्यायचा नाय!" मी कपाटाचं दार आपटलं.

मुरबाडला माप देऊन शिवलेला माझा निळा कोट. बुरशी धरू नये म्हणून आई पावसाळाभर त्याच्या खिशात डांबरगोळ्या ठेवते, दसरा झाला की अंगणात ऊन दाखवते. आणि गावातले नवरदेव तो मागून नेतात, खांदा उसवून, अंगावरची हळद कॉलरला लावून परत आणतात. ड्रायक्लीनला टाकायला दर वेळी एसटीनं मीच जायचं!

तेवढ्यात धाकटा चुलतभाऊ रोशन दारात आला.

"भगीरथदादा, सोमवारी लग्न माझं. कोट देतोस ना?"

"नाय देणार. नवीन शिव की!"

"एका दिवसासाठी कशाला रे? तुझा तर नुसता लटकून राहिलाय."

 आईनेच कोट काढला, कॉलर झटकली आणि त्याच्या हातात दिला.



सहा वर्षांपूर्वी पहिली मुलगी बघायला निघालो, त्याच आठवड्यात हौसेनं मी तो माझ्या लग्नासाठी शिवला होता. आजवर सहा नवरदेवांची हळद लागली त्याला, माझी तेवढी लागायची राहिली.