चार मुक्काम

"शहाण्णव," चष्मेवाल्याने आपली वही पोटगी ठरविणाऱ्या अधिकारीबाईंपुढे सरकवली. "गेल्या वर्षी माझी लेक ठकी माझ्याकडे शहाण्णव रात्री मुक्कामाला राहिली. शंभर भरले असते, तर नियमाप्रमाणे पोटगी कमी झाली असती. चारांसाठी अडलं, बाई."

शेजारच्या खुर्चीवर त्याची वृद्ध माता बसली होती. पलीकडे त्याची घटस्फोटित पत्नी, ठकीची आई, दृष्टी भूमीवर खिळवून.

त्याचे गाऱ्हाणे निराधार नव्हते. दुकानातील भिंगे घासण्याचे काम निम्म्यावर आले होते. पोटगीचा आकडा मात्र भरभराटीच्या काळातला होता. मुक्कामाला आलेल्या ठकीची वेणी तो स्वतः घालीत असे. तिचा दुसरा गणवेश, दुसरी पुस्तके त्यानेच घेतलेली. नियमाच्या लेखी यांपैकी काहीच नव्हते. नियम केवळ मुक्काम ओळखीत असे.

"चार वेळा," तो म्हणाला, "मी दुकानातून घरी येतो, तर ही ठकीला घेऊन गेलेली! एक मुक्काम बाकी असताना! विचारलं, तर म्हणे फोन आला होता."

"खरंच आला होता," ठकीची आई हळूच म्हणाली.

"कुणाचा? देवाचा?"

"नाव नाही सांगणार मी."

"ऐकलंत? ठकीला विचारलं, तर ती म्हणते मी नाही केला. बाई, ही पोटगी टिकवायला मुक्काम बुडवते, दुसरं काही नाही. माझ्या आईला विचारा. ती दिवसभर घरातच असते. तिच्यापुढे थापा चालत नाहीत."

हे तो अभिमानाने बोलला. याच मातेने लोकांचे कपडे शिवून त्याला एकटीने वाढविले होते, आणि आजवर त्याच्याविरुद्ध एक शब्दही उच्चारला नव्हता.

अधिकारीबाई वळल्या. "आजी, तुम्ही काय पाहिलंत?"

ती उठू लागली. चष्मेवाल्याने तत्परतेने हात पुढे केला. तो न घेताच ती उभी राहिली.

"फोन मी केले."

"आई! अगं, काय बोलतेस?"

तिने मुलाकडे पाहिले नाही.

"याच्या वडिलांनीही असेच मुक्काम भरून रक्कम कमी करून घेतली होती, बाई. निकाल लागला आणि ते याला न्यायला यायचे थांबले. हा मात्र दर शनिवारी चपला घालून दारात बसायचा."