हळवं यंत्र

खाणीच्या तळाशी बसवलेलं यंत्र इतकं हळवं होतं की जवळ उभ्या माणसाच्या अंगातला किरणोत्सारही त्याला जाणवे. त्यामुळे थायरॉइडसाठी किरणोत्सारी आयोडीन घेतलेल्या शास्त्रज्ञ रेवतीताईंना महिनाभर खाली उतरायला मनाई होती. यंत्रात भरलेल्या झेनॉन वायूच्या एखाद्या अणूचा अतिदुर्मिळ ऱ्हास दिसावा म्हणून त्यांनी एकोणीस वर्षं वाट पाहिली होती, आणि तो नेमका याच महिन्यात पडद्यावर एक ठिपका होऊन दिसला.

सहकारी इरफान मुल्लांनी खालून फोन केला. “ताई, या.”

“अहो, नोंदी बिघडतील.”

“आजच्या नोंदी टाकून द्यायला सगळे तयार आहेत.”

ताई उतरल्या. त्यांनी यंत्राच्या भिंतीवर तळहात ठेवला, तसा पडदा ठिपक्यांनी भरून गेला.

“एक ठिपका दाखवायला एकोणीस वर्षं लावली,” इरफान म्हणाले, “आणि तुम्हाला बघून काय चाललंय बघा.”

ताईंनी डोळे पुसले, पण हात काढला नाही.