म्हातारीच्या टेकडीखालचा धूर

"सकाळी उठलं की आधी एकमेकींचं धुराडं बघायचं," शेजारच्या ऑयरिकआजीने कर्स्टीला बजावलं होतं. मागच्या टेकडीचं नावच म्हातारीचं: क्रॉक ना कालिख. पूर्वी तिथे एकट्या राहणाऱ्या म्हातारीच्या घरचा धूर थांबला, तरी आठवडाभर कुणी फिरकलं नाही. म्हातारी एकटीच गेली, आणि टेकडीला तिचं नाव पडलं. "आता फोन आहेत, आजी," म्हणत कर्स्टीने हसण्यावारी नेलं. नवरा बोटीवर, बाळाला दात येत होते. दोन दिवस तिने खिडकीबाहेर पाहिलंच नाही. आज पाहिलं, तर आजीकडे धूर नव्हता. बाळाला कडेवर घेऊन ती धावली. आजी खिडकीसमोर जमिनीवर पडलेली, ओठ निळे, डोळे उघडे. "आलीस? वाटलं, आणखी एका टेकडीचं बारसं होणार." कर्स्टीला रडू फुटलं. "रडतेस काय? इथून तुझा धूर दिसत होता. म्हटलं, पोरगी बरी आहे." तुमच्या शेजारी एकटं कोण राहतं? आज त्यांचं दार वाजवून या.