काळ्या पट्ट्यांची डिस्क

दोन हातांत दोन डिस्क आणि कडेवर दहा महिन्यांची लेक. तिसरा हात असता तर तिने डोकं खाजवलं असतं. सिनेमा एकच, कव्हरवरची नायिका एकच, मग डिस्क दोन कशाला, असं तिने दुकानदाराला विचारलं.

दुकानदाराने चष्मा कपाळावर चढवला. एका डिस्कचं चित्र टीव्हीभर दिसतं, दुसरीत वर-खाली काळ्या पट्ट्या येतात, तो सांगू लागला. पट्ट्यांवाली नेणारी निम्मी गिऱ्हाइकं दुसऱ्या दिवशी दारात उभी. म्हणे पट्ट्यांनी सिनेमा झाकला.

"खरं तर उलटं आहे, ताई. थेटरातलं चित्र लांबट असतं. ते टीव्हीच्या चौकोनात बसवायचं, म्हणून त्या टीव्हीभर भरलेल्या डिस्कमध्ये दोन्ही बाजू छाटून टाकल्यात. पट्ट्यांवालीत सगळं शाबूत आहे."

बाजू म्हणजे किती, तिने विचारलं. त्याने कव्हरच्या दोन्ही कडांवर चार चार बोटं ठेवून दाखवली. डाव्या चार बोटांकडे ती बघतच राहिली. छातीत असं धडधडायला लागलं की लेकसुद्धा कान लावून ऐकू लागली.

तिचे बाबा पाट्या रंगवायचे. त्यांच्या लग्नाआधी याच सिनेमाचं शूटिंग त्यांच्या गावच्या स्टेशनवर झालं होतं. पाटीवर गावाचं खोटं नाव रंगवायला बाबांना बोलावलं होतं. नायिका गाडीतून उतरेल तेव्हा तू शिडीवरच राहा, रंगवत राहा, असं त्यांना सांगितलं होतं. थेटरात तो सिनेमा जेमतेम तीन आठवडे टिकला. घरच्यांनी पाहिला तो पुढे टीव्हीवरच.

सिनेमा लागला की सगळे टीव्हीसमोर बसायचे. गाडी यायची, नायिका उतरायची, निघून जायची. डावीकडे ना शिडी, ना बाबा. "दाजी, तुम्ही बहुतेक टीव्हीच्या मागे उभे होतात," मामा म्हणायचा, आणि हशा पिकायचा. बाबांचं नावच त्याने 'हिरो' पाडलं होतं. आई तर नेमकी त्या प्रसंगाला दूध बघायला उठायची. नवऱ्याची फजिती तिला बघवत नसणार. हळूहळू बाबांनी ती गोष्ट सांगणंच सोडलं. अलीकडे सिनेमा लागला की तेच गुपचूप चॅनेल बदलत.

तिने दुकानातूनच घरी फोन लावला. बाबांनी आधी नातीने खाल्लं का ते विचारलं. मग डिस्कचं ऐकून घेतलं आणि घाईघाईने म्हणाले, पट्ट्यांची भानगड नको, भरलेलीच आण.

बाबा नको का म्हणतात? टीव्हीवर दिसले नाहीत तेव्हा निदान शंकेला जागा होती. या डिस्कवरही दिसले नाहीत तर ती जागाही जाणार, आणि आज मामा घरीच मुक्कामाला होता. क्षणभर तिचा हात भरलेल्या डिस्ककडे गेलाही. पण लहानपणी आपण एका मार्कासाठी खोटं बोललो म्हणून ज्यांनी आपल्याला परत शाळेत नेऊन बाईंची माफी मागायला लावली, ते बाबा आपल्याला आयुष्यभर थाप मारतील?

"पट्ट्यांवाली द्या," ती म्हणाली, आणि दुकानाचा जिना दोन दोन पायऱ्या उतरली.

घरी तिने चपलासुद्धा नीट काढल्या नाहीत. लेकीला बाबांच्या मांडीवर दिलं, डिस्क आत सरकवली. टीव्हीवर पट्ट्या आल्या तसा मामा म्हणाला, टीव्हीला झोप आली वाटतं, डोळे मिटायला लागलाय. तिने लक्ष दिलं नाही. सिनेमा पुढे पळवत तिने गाडी स्टेशनात आणली. आई दुधाकडे निघाली, तिने हात धरून तिला खाली बसवलं.

नायिका उतरली. तिने बटण दाबलं. चित्र थांबलं.

डाव्या कडेला पाटी होती. पाटीला शिडी टेकलेली. शिडीवर एक काडीपैलवान तरुण, हातात ब्रश, जिभेचं टोक ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर. आजही अक्षर काढताना बाबांची जीभ तशीच बाहेर येते.

मामा उठून टीव्हीला नाक लावून उभा राहिला. "दाजी," एवढंच म्हणाला. ती टाळ्या वाजवत सुटली. ते बघून लेकही टाळ्या वाजवू लागली.

बाबा मात्र हलले नाहीत. पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, सगळे इतके हसले की मलाच वाटायला लागलं होतं, हे मी स्वप्नात बघितलं असावं. आजही दिसलो नसतो तर? म्हणून म्हटलं, भरलेलीच आण.

ती वळून आईला म्हणाली, बघ, बाबा खरं बोलत होते. आईने पडद्याकडे शांतपणे बघितलं.

"रंग उडालाय," ती म्हणाली. "थेटरात हा शर्ट चांगला लालभडक दिसायचा."

थेटरात तू कधी पाहिलास, असं बाबांनी विचारलं. आईने नजर चुकवली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. तुमचं स्थळ यायच्या आधी, ती म्हणाली. तीन आठवड्यांत अकरा वेळा. पुढे तुमचा फोटो आला तेव्हा घरच्यांनी विचारायच्या आतच मी हो म्हणून बसले.

"मग तीस वर्षं बोलली का नाहीस?"

"शिडीवरचा पोरगा बघायला मी अकरा तिकिटं काढली, हे कळलं असतं तर तुम्ही कधी शिडीवरून खाली उतरला असतात का?"