भिंतीपलीकडची दोरी

"तात्या, जुनी दोरी कुजलेय. वढली तं तुटंल," शिडीवरून भिवा म्हणाला.

"मग नवी घाल. काथ्याची नको, सुताची. हाताला काचता कामा नये."

भिवा नुसता हसला. मिठागरात राबलेला कोपर गावचा गडी तो, त्याच्या हाताला काथ्या काय काचणार? तरी त्याने मुकाट्याने सुताची दोरी कप्पीतून ओवली आणि भिंतीच्या भोकातून बाहेर ओसरीवर सोडली.

दर चैत्रात हे काम भिवाकडे ठरलेलं. माळ्यावरचा कापडी ओढपंखा उतरवून छताला टांगायचा, उंदरांनी कुरतडलेली झालर बदलायची, कप्पीला तेल द्यायचं, खिडक्यांना वाळ्याचे पडदे बांधायचे. पंखा बदली झालेल्या एका साहेबाच्या लिलावातला. नौपाड्यात लोक म्हणत, कचेरी सुटली तरी तात्यांची ऐट काही सुटली नाही. म्हणेनात का! पंख्याचे दोन महिने सोडले, तर त्या घरात तात्यांचं बोलणं ऐकायला चिटपाखरू नव्हतं. एकुलत्या लेकीचा, सरोजचा नवरा पटकीत गेला तेव्हा ती पंधराची होती. पुढे चार वर्षांनी तिने दुसरं लग्न केलं, तेव्हा तात्यांनी भटजींना बोलावून जिवंतपणीच तिच्याही नावाने आंघोळ केली. त्या दुःखाने बायको वर्षभरात गेली.

"उद्यापासून दुपारी पंख्यावर बसणं होईल ना?" तात्यांनी विचारलं.

"व्हईल. पन कल्यानची गाडी येईस्तवर उशीर व्हईल."

"होऊ दे. यायला हवं, एवढंच. पुढच्या चैत्राचा मला भरवसा नाही."

दुसऱ्या दिवशी बारा वाजले, एक वाजला. पंखा निपचित. आरामखुर्चीत तात्या घामाने निथळत होते, पण घामाचं त्यांना काही नव्हतं. यंदा कुणी आलंच नाही तर हा उन्हाळा काढायचा कुणाच्या आधाराने, या भीतीने त्यांना रडू यायचंच बाकी होतं.

मग कप्पी कुरकुरली. पंखा हलला.

तात्या खुर्ची भिंतीशी सरकवून वर्षभराचं बोलू लागले. दुखरे गुडघे, आमटीत दोनदा पडलेलं मीठ, दिवाळीत एकट्याने केलेलं अभ्यंग. पंखा ओढणाऱ्याने बोलायचं नाही, हा कचेरीतला शिरस्ता तात्यांनी घरातही ठेवला होता. ओढणारा ओसरीवर, वारा घेणारा आत. मधे भिंत. कुणी कुणाचं तोंड पाहायचं नाही.

एवढ्यात दार ढकलून भिवा घागर घेऊन आत आला आणि वाळ्यावर पाणी मारू लागला. पंखा चालूच होता.

तात्यांनी डोळे मिटले आणि तोंड भोकापाशी नेलं.

"सरोज," ते म्हणाले, "उद्या येताना जावईबापूंनाही घेऊन ये."